मदरबोर्ड आधी बघा, प्रोसेसर मागाहून

अकलूजच्या पेठेत गेल्या काही महिन्यांत आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. "भाई, कॉम्प्युटर नवा घ्यावा लागेल म्हणतात, खरं का?" विचारणारे आपलेच लोक. कुणी फ्लेक्स छापणारा, कुणी लग्नपत्रिकांचे डीटीपी करणारा, कुणी फोटो स्टुडिओवाला, कुणी हार्डवेअरच्या दुकानात टॅलीवर हिशेब ठेवणारा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. ज्यांनी घरगुती वापराच्या मशीनसाठी नोंदणी केली त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत तेवढी ठेवली. विंडोज ११ घालायला जावे तर हे मशीन पात्र नाही असा निरोप पडद्यावर येतो. मग दुकानदार चाळीस-पन्नास हजारांचे कोटेशन हातात ठेवतो आणि त्यालाच टाचलेला फायनान्स कंपनीचा फॉर्मही पुढे सरकवतो.

त्या कोटेशनमधल्या निम्म्या वस्तू बहुतेकांना लागत नाहीत आणि त्या फॉर्मची तर मुळीच गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कॉम्प्युटर एका दमात घ्यावा लागतो असे नाही. हातात पैसा येईल तसा एकेक भाग रोखीने घेऊन तो वाढवता येतो. पण हे जमणार की नाही, ते एकाच वस्तूवर ठरते. ती वस्तू म्हणजे मदरबोर्ड. आपले लोक मात्र विचारतात प्रोसेसर, हार्ड डिस्क आणि फार तर रॅम. बोर्ड कोणता ते दुकानदार ठरवतो, आणि त्याला ज्यात चार पैसे जास्त सुटतात तो तो ठरवतो.

गॅरेजवाल्या बांधवांना हे लगेच कळेल. बोर्ड म्हणजे गाडीची चासी. इंजिन बदलता येते, टायर बदलता येतात, बॉडी नवी बांधता येते, पण चासीवर जे बसणार नाही ते गाडीला लागणार नाही. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. रॅमच्या पट्ट्या ज्या खाचांत बसतात त्या डीडीआर-३, डीडीआर-४ किंवा डीडीआर-५ यांपैकी एकाच जातीच्या असतात आणि एका जातीची पट्टी दुसऱ्या जातीच्या खाचेत जात नाही. तेव्हा आज बोर्ड घेतला की पुढच्या पाच-सात वर्षांत काय काय घेता येईल, तेही आजच ठरून जाते.

आमच्या पाहण्यातली दोन दुकाने सांगतो. दोघांनीही २०१८ साली, जवळजवळ सारख्याच पैशांत कॉम्प्युटर घेतला. पहिल्याने इंटेलचा सातव्या पिढीचा आय-३ घेतला, बोर्ड एच-११०. दुसऱ्याने एएमडीचा रायझन ३, २२००-जी घेतला, बोर्ड बी-४५०. रॅम दोघांची डीडीआर-४, आठ जीबी. विंडोज ११ ने दोघांनाही नाकारले. इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात. एएमडीमध्ये साधारण २००० च्या मालिकेपासून चालतात, पण २२००-जी आणि २४००-जी या दोघांचा आकडा २००० चा असला तरी आतली बांधणी आधीच्या पिढीची, म्हणून ते यादीत नाहीत. आपल्याकडे हे दोन्ही प्रोसेसर खूप खपले, त्यामुळे हा घोटाळा पुष्कळांना भोवला आहे. दोन्ही दुकानदारांना एकाच छापाचे कोटेशन मिळाले, सगळा संच नवा.

आता खरा हिशेब बघा. दुसऱ्याच्या बोर्डावर एएम-४ सॉकेट आहे. २०१७ साली पहिले रायझन आले ते याच सॉकेटवर, आणि २०२४ सालीही एएमडीने याच सॉकेटसाठी ५५००-जीटी व ५६००-जीटी असे नवे प्रोसेसर काढले. म्हणजे त्या बांधवाने बोर्डाचे बायोस अद्ययावत करून घ्यायचे, जुना प्रोसेसर काढून त्या जागी यांपैकी एक बसवायचा, आणि काम संपले. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. बायोसचे काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचे. तो आधी काढला तर नवा प्रोसेसर बोर्ड ओळखणार नाही, पडदा काळाच राहील आणि मग "बोर्ड उडाला" असे सांगणारे भेटतील.

पहिल्याची गोष्ट वेगळी. त्याच्या बोर्डाचे सॉकेट ११५१ पिनांचे. आठव्या पिढीच्या प्रोसेसरलाही ११५१ च पिना, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण इंटेलने आठव्या पिढीला जुने बोर्ड चालू दिले नाहीत, ३०० मालिकेचे नवे बोर्ड लागू केले. तेव्हा त्याला बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलणे भाग आहे. तरीही रॅम, एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड बदलायचे काही कारण नाही. एसएमपीएसही चालू शकतो, मात्र बोर्डाला लागणारी प्रोसेसरची आठ पिनांची जोडणी त्याला हवी. दहा वर्षे जुना, वजनाला हलका, वर मोठा वॅटचा आकडा छापलेला लोकल एसएमपीएस असेल तर तो नव्या बोर्डाला लावू नका.

तिसऱ्या जातीचे लोकही भेटतात, आणि त्यांच्यासाठी आम्हाला जास्त वाईट वाटते. प्रोसेसर आठव्या, नवव्या, दहाव्या पिढीचा, सगळे पात्र, तरी मशीन नाकारले जाते. कारण बायोसमध्ये टीपीएम नावाची सुरक्षेची सोय बंद असते. इंटेलच्या बोर्डावर तिला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ती चालू केली आणि सिक्युअर बूट सुरू केले की बहुतेक वेळा विंडोज ११ घेता येते. जुन्या मशीनवर विंडोज जुन्या पद्धतीने बसवलेले असेल तर डिस्कची मांडणी बदलावी लागते, ते जाणत्याकडून करून घ्यावे. हे अर्ध्या तासाचे काम आहे. या अर्ध्या तासाच्या कामापायी नवा कॉम्प्युटर घेतलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

म्हणून पहिली पायरी म्हणजे खरेदी नव्हे. कॉम्प्युटरवर "सिस्टिम इन्फर्मेशन" उघडा, त्यात "बेसबोर्ड" च्या ओळीत बोर्डाचे नाव मिळेल. ते नाव घेऊन बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर जा. प्रत्येक बोर्डाला कोणकोणते प्रोसेसर चालतात आणि त्यासाठी बायोसची कोणती आवृत्ती लागते याची यादी तिथे असते. ती यादी दुकानदाराच्या तोंडी शब्दापेक्षा जास्त विश्वासाची.

आता ज्याला बोर्ड घ्यायचाच आहे त्याने कोणता घ्यावा? इथे रॅमच्या भावाचा विचार केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी प्रचंड संगणक केंद्रे उभी राहत आहेत त्यांच्याकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या मोठ्या उत्पादकांचा माल वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये "क्रुशिअल" या नावाने किरकोळ ग्राहकांना माल विकण्याचा धंदाच बंद करण्याचे जाहीर केले. भाव काय म्हणून छापावा? आज छापला तर हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत तो बदललेला असेल. मुद्दा इतकाच की ज्याच्याकडे डीडीआर-४ ची पट्टी आहे त्याच्याकडे माल आहे. ती पट्टी भंगारात घालून डीडीआर-५ चा बोर्ड घेणे हा अशा काळात तोट्याचा सौदा ठरतो.

डीडीआर-४ वर राहायचे तर दोन वाटा आहेत. एक इंटेलची, १७०० पिनांच्या सॉकेटची. हिच्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या बसतात, म्हणजे आज बाराव्या पिढीचा आय-३ घेऊन पुढे हात मोकळा झाल्यावर वरचा प्रोसेसर घालता येतो. मात्र याच सॉकेटचे बोर्ड डीडीआर-४ चेही आहेत आणि डीडीआर-५ चेही, दोघांची नावे जवळजवळ सारखी. खोक्यावर "डी-४" लिहिले आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुसरी वाट एएमडीच्या एएम-४ ची, त्यात बी-५५० चा बोर्ड. टॅली, बिले, ई-मेल, पत्रिका एवढेच काम असेल तर दोन्हींत फरक करण्याचे कारण नाही, त्या दिवशी ज्यात बचत होईल ती घ्या. कोरल आणि फोटोशॉपवर दिवसभर काम करणाऱ्याला आम्ही इंटेलची वाट सुचवू, कारण पुढे चढायला तिच्यावर जास्त पायऱ्या आहेत. एक सावधगिरी मात्र हवी. तेराव्या व चौदाव्या पिढीच्या वरच्या, विशेषतः आय-७ आणि आय-९ च्या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचे २०२४ साली उघड झाले. इंटेलने त्यावर बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटीही वाढवली. असा प्रोसेसर पुढेमागे घेतलात तर बायोस आधी अद्ययावत करा, मग तो बसवा. जुन्या बाजारातला तर घेऊच नका.

ज्याच्याकडे काहीच नाही, जो नव्याने दुकान मांडतो आहे, त्याने काय करावे? त्याला रॅम नवीच घ्यायची आहे. त्याने एएम-५ चा बोर्ड घ्यावा, साधा प्रोसेसर आणि डीडीआर-५ ची एकच पट्टी घ्यावी, दुसरी खाच रिकामी ठेवावी. हे सॉकेट २०२२ साली आले आणि २०२७ व त्यापुढेही त्यावर नवे प्रोसेसर देऊ असे एएमडीने जाहीर केले आहे. एका पट्टीवर वेग थोडा कमी मिळेल, पण वाट लांबची आहे.

खाचांच्या बाबतीत आम्ही आमची चूक सांगून टाकतो. २०१४ साली आम्ही एका दुकानातून एच-६१ चा बोर्ड घेतला. सीलबंद होता, स्वस्त होता. तो दोन पिढ्या मागे पडलेला आहे हे विचारायचे आम्हाला सुचले नाही आणि विकणाऱ्याने सांगितले नाही. रॅमच्या खाचा दोनच. चार जीबीची पट्टी आधी घेतली, मग आणखी एक चारची. पुढे सोळा जीबी हवी झाली तेव्हा दोन्ही पट्ट्या काढून ठेवाव्या लागल्या. प्रोसेसर तिसऱ्या पिढीपुढे चढेना. शेवटी बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही एकदम गेले. बोर्डात दोन हजार वाचवले आणि संचात त्याच्या कितीतरी पट घालवले. त्यामुळे सल्ला देताना आम्ही चार खाचांचा बोर्ड सांगतो. एच-६१० किंवा ए-५२० च्या स्वस्त बोर्डांवर बहुधा दोनच खाचा असतात, बी-७६० आणि बी-५५० च्या पुष्कळ बोर्डांवर चार. फरक दोन-चार हजारांचा पडतो. ज्याला टप्प्याटप्प्याने वाढवायचे आहे त्याने तो फरक द्यावा. ज्याला फक्त टॅली चालवायची आहे त्याने देऊ नये, त्याला दोन खाचा पुरतात.

हेच ते एच-६१ चे बोर्ड, आणि त्यांच्या जोडीचे एच-८१, आजही "नवे" म्हणून बाजारात मिळतात. वर जुन्या बाजारातला आय-५ किंवा आय-७ बसवून "आय-७ कॉम्प्युटर" अशी जाहिरात केली जाते. आय-७ हे नाव २००८ पासूनचे आहे. कितव्या पिढीचा, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले जुने डेल, एचपी, लेनोव्होचे डेस्कटॉप मात्र वाईट नसतात, मजबूत असतात. पण त्यांतल्या पुष्कळांचे बोर्ड आणि एसएमपीएसच्या जोडण्या कंपनीच्या स्वतःच्या मापाच्या असतात. बोर्ड गेला तर बाजारातला दुसरा त्यात सहज बसत नाही. जसा आहे तसा वापरायचा असेल तर जरूर घ्या, हळूहळू वाढवायचा बेत असेल तर घेऊ नका.

कॉम्प्युटरचा व्यापार करणारे आपलेही पुष्कळ बांधव आहेत, त्यांना दोन शब्द. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाही असे त्या व्यापाऱ्याला विचारले, हा प्रसंग आपण सर्वांनी जुम्याच्या बयानात ऐकला आहे. दुरुस्त केलेला बोर्ड विकणे गैर नाही. तो दुरुस्त केलेला आहे हे न सांगणे गैर आहे. बिलावर "दुरुस्त" असा एक शब्द लिहायला शाई फार लागत नाही.

आता पोर्टांकडे येऊ. हा विषय शहरातल्या मासिकांत येत नाही, पण आपल्याकडे यावर धंदा अडतो. स्टिकर कापणाऱ्या जुन्या प्लॉटरला सीरियल पोर्ट लागतो. बिलांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला कित्येक ठिकाणी अजून पॅरलल पोर्टच आहे. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचे लॉकही काहींकडे त्याच पोर्टावर चढवलेले आहे. नव्या बोर्डांच्या मागच्या बाजूला हे पोर्ट बहुधा नसतात. काही बोर्डांवर आत त्यांची जोडणी असते आणि वीतभर वायरची पट्टी लावून ती मागे काढता येते. नसेल तर छोट्या पीसीआय-एक्स्प्रेस खाचेत कार्ड बसवावे लागते, म्हणून तशी एक खाच रिकामी राहील असा बोर्ड हवा. जुनी पांढरी पीसीआय कार्डे नव्या बोर्डात बसणार नाहीत. शिवाय विंडोज ११ फक्त ६४ बिटचे आहे. जुन्या प्रिंटरचा, प्लॉटरचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळतो का, हे बोर्ड घेण्याआधी तपासा. तो मिळत नसेल तर जुने मशीन इंटरनेटपासून तोडून त्या एकाच कामाला ठेवणे हा शहाणा मार्ग आहे. त्याला विंडोज १० काय, त्याहून जुने असले तरी बिघडत नाही.

ग्राफिक कार्ड घ्यायचे नसेल तर प्रोसेसरमध्येच चित्र दाखवण्याची सोय हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी "एफ" असते त्यात ती नसते. रायझन ५५०० आणि ५६०० मध्येही नसते, ५६००-जी आणि ५६००-जीटी मध्ये असते. स्वस्त मिळाला म्हणून "एफ" घेऊन आलेला आणि मॉनिटर लागत नाही म्हणून बोर्डाला शिव्या देणारा एक तरुण आमच्याकडे येऊन गेला.

आपल्या भागातली उष्णता आणि वीज हाही हिशेबाचा भाग आहे. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. दुकानावर पत्रा, शेजारी वेल्डिंग किंवा सुतारकाम, म्हणजे धूळ आलीच. बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूला त्याला वीज पुरवणारी जी यंत्रणा असते ती स्वस्त बोर्डावर उघडी असते, बऱ्या बोर्डावर तिच्यावर धातूची जाड पट्टी बसवलेली असते. पुढे मोठा प्रोसेसर घालायचा असेल तर ती पट्टी असलेलाच बोर्ड घ्या. आणि अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोक हसण्यावारी नेतात, त्यांच्या बोर्डाचे आयुष्य किती असणार? चांगल्या अर्थिंगचा खर्च एका बोर्डाच्या किमतीपेक्षा कमी येतो.

राहिला पैशाचा प्रश्न. दुकानदार म्हणेल, "नो कॉस्ट ईएमआय आहे, व्याज नाही." रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नाही. कार्डावरच्या अशा योजनेत बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट किमतीत दाखवतो. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र ग्राहकाच्याच खिशातून जातो. व्याज ३,००० धरले तर तो ५४० रुपये झाला, शिवाय प्रोसेसिंग फी. हप्ता चुकला तर दंड वेगळा. व्याज घेणे-देणे आपल्याला का वर्ज्य आहे हे या पानावर नव्याने सांगण्याची गरज नाही. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की इथे ते टाळायला त्याग करावा लागत नाही. पहिल्या महिन्यात एसएसडी नसेल तर ती घ्या, जुन्या मशीनवरही फरक कळेल आणि पुढे तीच नव्या बोर्डावर जाईल. नंतर बोर्ड आणि साधा प्रोसेसर, मग रॅमची दुसरी पट्टी, शेवटी वरचा प्रोसेसर. चिठ्ठीची भिशी आपल्या पेठेत चालतेच, तिचा एक नंबर बोर्डाला पुरतो. बोलीची भिशी नव्हे, तिच्यात पैसे कापून घेतले जातात आणि तो व्याजाचाच धाकटा भाऊ.

बिल पक्केच घ्या. जीएसटीत नियमित नोंदणी असेल तर धंद्याच्या कॉम्प्युटरवर भरलेला १८ टक्के कर परत वळता करून घेता येतो. कंपोझिशनवाल्यांना ही सवलत नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या बोर्डाला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती मागताना बिल दाखवावे लागते. विना बिलाच्या बोर्डात जे दोन पैसे सुटतात ते अशा वेळी बुडतात. वॉरंटीत जळालेला किंवा पिना वाकलेला बोर्ड बसत नाही, म्हणून खोके दुकानातच उघडून सॉकेटच्या पिना बघून घ्या.

जुना बोर्ड काढण्याच्या आदल्या दिवशी दोन कामे उरका. टॅलीचे लायसन्स मशीनला बांधलेले असते, ते "सरेंडर" करून ठेवा, मग नव्या बोर्डावर पुन्हा चालू करा. नाहीतर ऐन जीएसटी रिटर्नच्या तारखेला टॅली उघडणार नाही. विंडोज कॉम्प्युटरसोबत आलेले असेल तर त्याचेही लायसन्स जुन्या बोर्डाशी जोडलेले असते, नवे घ्यावे लागेल, तो खर्च आधीच धरा. आणि जुनी डिस्क विकणार असाल तर गिऱ्हाइकांची आधार कार्डे, लग्नाचे फोटो, बँकेची पासबुके तिच्यावरून पूर्ण पुसल्याशिवाय देऊ नका. ती लोकांची अमानत आहे.

वर सांगितलेल्या दोन दुकानांपैकी दुसऱ्याने प्रोसेसर बदलून घेतला आणि काम सुरू केले. पहिल्याला आम्ही डीडीआर-४ चा बी-७६० आणि आय-३ सुचवला आहे. त्याची आठ जीबीची पट्टी त्यात जाईल. तुकोबांची पालखी आषाढीला अकलूजला येते तेव्हा फ्लेक्सची गर्दी उडते, त्याआधी दुसरी पट्टी घ्यायचा त्याचा विचार आहे. भाव उतरले नाहीत तर तो एकाच पट्टीवर हंगाम काढणार आहे, आणि आमच्या मते त्यात त्याचे काही अडणार नाही.